माँटगोमेरीची शेती वाचली, तिची किंमत कुठे मोजली गेली

अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कौन्सिलने जुलै २०२५ मध्ये एक नियम बदलला. मोठ्या रस्त्यांलगतच्या ज्या प्लॉटवर आजवर एकच स्वतंत्र घर चालायचं, तिथे आता काही अटींवर जोडघरं आणि छोट्या अपार्टमेंट बांधता येतील. बदल बेताचाच आहे. तरी त्यावरून जी खडाजंगी झाली, ती समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

ही काउंटी वॉशिंग्टनच्या उत्तरेला आणि वायव्येला अगदी खेटून आहे. १९२७ साली राज्याने कायदा करून इथे आणि शेजारच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत उद्यानं आणि नियोजन पाहणारा एक संयुक्त आयोग नेमला. त्यामागे ई. ब्रुक ली हे वजनदार राजकारणी होते. ते स्वतः जमिनीचे मोठे मालक आणि बिल्डरही होते. काउंटीतल्या सिल्व्हर स्प्रिंगमध्ये त्यांनी पाडलेल्या प्लॉटच्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना घर न विकण्याची अट लिहिलेली असे. म्हणजे कुणी कुठे राहायचं हा प्रश्न या नियोजनात पहिल्या दिवसापासून होता. लींचं नाव एका शाळेला होतं, ते अलीकडे काढलं गेलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी कचेऱ्या शहराबाहेर पडू लागल्या. अणुऊर्जा आयोग १९५८ मध्ये याच काउंटीतल्या जर्मनटाऊनला गेला. राजधानीवर बॉम्ब पडला तर कचेरी वाचावी, हा त्यामागचा हिशेब होता. नोकऱ्यांमागोमाग घरं आली. १९५० मध्ये १ लाख ६४ हजार असलेली लोकसंख्या १९७० पर्यंत ५ लाख २२ हजारांवर गेली.

ही वाढ कुठे न्यायची, याचं उत्तर १९६४ च्या विकास आराखड्याने दिलं. वॉशिंग्टनपासून निघणाऱ्या महामार्ग-रेल्वेच्या पट्ट्यांत वस्ती दाट करायची आणि दोन पट्ट्यांमधली पाचरीसारखी जमीन मोकळी ठेवायची. कल्पना सुरेख होती, पण कागदावर. १९६२ मध्ये निवडून आलेल्या कौन्सिलने आराखडा गुंडाळून ठेवला आणि मागेल त्याला जमिनीचा झोन, म्हणजे तिथे काय आणि किती बांधायचं याचा नियम, बदलून दिला. १९६६ मध्ये मतदारांनी त्यांना घरी बसवलं.

पुढे बिल्डरांना पहिला खरा लगाम घातला तो गटाराने. १९७० च्या सुमारास वॉशिंग्टनच्या सांडपाणी प्रकल्पाची क्षमता संपली आणि राज्याने नव्या जोडण्या थांबवल्या. जिथे ड्रेनेजची लाईन नाही तिथे वसाहत उभी राहत नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं. १९७३ मध्ये रस्ते, शाळा, पाणी पुरेसं असल्याशिवाय नवी मंजुरी नाही, असा कायदा झाला. त्याच वर्षी कौन्सिलने काउंटीचे प्रमुख जेम्स ग्लीसन यांचा नकाराधिकार डावलून आणखी एक कायदा केला. ५० किंवा त्याहून जास्त घरांच्या प्रकल्पात १५ टक्के घरं मध्यम उत्पन्नाच्या लोकांना परवडतील अशा दरात द्यायची. अमेरिकेत असं बंधन घालणाऱ्या अगदी पहिल्या काउंट्यांपैकी ही एक. मात्र सुरुवातीला या घरांच्या किमतीवर नियंत्रण फक्त ५ वर्षांचं होतं. मुदत संपली की घर बाजारभावाने विकायला मोकळं. अशी किती तरी घरं हातची गेली. मुदत पुढे बरीच वाढवली, पण गेलेली घरं परत आली नाहीत. ही चूक मला आजही जिव्हारी लागते.

शेतीसाठी त्या काळात ५ एकरांना एक घर, असा नियम करून पाहिला. तो फसला. ५ एकर म्हणजे श्रीमंताचा बंगला आणि भोवती हिरवळ. शेती त्यात नावालाही उरत नाही. मग रॉइस हॅन्सन यांच्या नियोजन मंडळाने १९८० मध्ये काउंटीची सुमारे एक तृतीयांश जमीन, म्हणजे ९३ हजार एकर, कृषी राखीव क्षेत्र म्हणून आखली. इथे २५ एकरांना एकच घर. शेतकरी साहजिकच भडकले. कारण त्यांच्या जमिनीचा भाव एका ठरावाने खाली येणार होता.

त्यावरचा तोडगा मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे: टीडीआर, म्हणजे एका जमिनीवरचा बांधकामाचा हक्क विकून दुसरीकडे वापरू देणं. ज्याची १०० एकर शेती, त्याला जुन्या नियमाने २० घरं बांधता आली असती, नव्या नियमाने ४. म्हणून दर ५ एकरांना एक असे २० हक्क त्याच्या नावे झाले. स्वतःच्या ४ घरांपुरते ठेवून उरलेले १६ तो बिल्डरला विकू शकत होता. बिल्डरने ते काउंटीने नेमून दिलेल्या भागात जादा घरं बांधायला वापरायचे. आपल्याकडे मुंबईत १९९१ च्या नियमावलीने टीडीआर आणला तो आरक्षित जागा ताब्यात घेण्यासाठी. त्याचा भार उपनगरांनी झेलला, तिथले रस्ते आणि नळ मात्र होते तेवढेच राहिले. माँटगोमेरीत ५० हजारांहून जास्त एकर जमीन या मार्गाने कायमची शेतीला बांधली गेली. त्यात ड्रेनेजची लाईन राखीव क्षेत्रात न नेण्याच्या धोरणाचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. विहिरीचं पाणी आणि सेप्टिक टँक यांवर मोठी वसाहत उभी करायला कुणी धजावत नाही.

हक्क विकणारे खूश होते. ते हक्क जिथे येऊन पडणार होते तिथले रहिवासी मात्र कोर्टात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये निकाल दिला की, जादा घनता विकास आराखड्यात नमूद करून भागणार नाही, ती रीतसर झोनिंगने ठरवली पाहिजे. काउंटीने नियम नव्याने बांधले आणि योजना तगली. कुरबूर मात्र राहिली: शेती सगळ्यांना हवी, जादा घरं आपल्या गल्लीत कुणालाच नकोत.

आजच्या वादाचं मूळ इथे आहे. लोकसंख्या २०२० मध्ये १० लाख ६२ हजार झाली. घरांच्या किमती शिक्षक, नर्स, बसचालक यांच्या आवाक्याबाहेर गेल्या. राखीव क्षेत्रात वसाहती उभ्या करायच्या नाहीत, हे १९८० मध्येच ठरलंय आणि ते योग्यच आहे. मग जागा उरते ती आधीच वसलेल्या भागात, आणि त्यातला फार मोठा हिस्सा एका प्लॉटवर एकच घर या नियमाखाली गोठलेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजूर झालेल्या नव्या सर्वसाधारण आराखड्याने हे गोठणं सोडवण्याची दिशा दिली आणि २०२५ चा नियमबदल त्यातूनच आला. विरोधकांची पार्किंगची, शाळांतल्या गर्दीची, जुन्या झाडांची काळजी खोटी नाही. पण रविवारी राखीव क्षेत्रातल्या पूल्सव्हिलच्या शेतांमधून सायकल चालवायची आणि सोमवारी आपल्या रस्त्यावरच्या जोडघराला हरकत घ्यायची, हे मला पटत नाही. १९६४ च्या आराखड्यात मोकळी पाचर आणि दाट पट्टा एकाच वाक्यात होते.

नवा नियम प्रमुख रस्त्यांपुरताच आहे, आणि ३ किंवा जास्त घरं बांधली तर त्यातली किमान १५ टक्के नोकरदारांना परवडणाऱ्या दरात ठेवण्याची अट त्यात आहे. १९७३ चा आकडा पुन्हा तोच, १५ टक्के.