तमाशा फडाचे नाव

ढोलकीफडाचा (ढोलकीच्या साथीने खेळ करणाऱ्या संचाचा) तमाशा ज्या नावाने ओळखला जातो आणि ज्या नावावर त्याची सुपारी, म्हणजे खेळाची आगाऊ बोली, ठरते, ते नाव. बहुतेक फडांना गाजलेल्या सोंगाड्याचे (विनोदी नटाचे), फडमालकाचे किंवा नायिकेचे नाव असते. तो कलावंत वारला तरी नाव सहसा उतरवत नाहीत. मुलगा, मुलगी, नातू किंवा शिष्य आपले नाव त्याला जोडतो आणि फड पुढे चालतो. ऑर्केस्ट्रा किंवा रॉक बँडाचा मुख्य गायक गेला की पुष्कळदा सगळा संचच विस्कटतो. फडात मात्र गेलेला माणूस नावानिशी पाटीवर राहतो, आणि त्याच्या नावावर जिवंत माणसे रात्र रात्र उभी राहतात. सांगली व सातारा जिल्ह्यांतील काही फडांमध्ये ही रीत चार-चार पिढ्या टिकली आहे.

या नावाची घडण बरीचशी ठरलेली आहे. आधी कलावंताचे किंवा जोडीचे नाव येते, मग गावावरून आलेले आडनाव : सावळजकर, कवलापूरकर, सातारकर, करवडीकर. दोन पिढ्या किंवा दोन घराणी एकत्र आली की मध्ये 'सह' येतो. शेवटी 'लोकनाट्य तमाशा मंडळ' लागते. यातला 'लोकनाट्य' हा भाग तुलनेने नवा आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात तमाशावर बंधने आली, त्या काळात तो रूढ झाला. वाटेगावच्या (ता. वाळवा) अण्णा भाऊ साठे यांचा आणि त्यांच्या कलापथकाचा त्यात मोठा वाटा होता. गावाचे नाव मात्र जुन्यापासून आहे. जे कलावंत गावकुसाबाहेर राहत, ज्यांना गावात जमीन किंवा मानपान क्वचितच मिळे, त्यांनीच आपल्या गावांची नावे महाराष्ट्रभर नेली, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे.

सांगली जिल्ह्यात या परंपरेची मुळे खोल आहेत. तासगाव तालुक्यातील सावळज येथील उमा-बाबू यांच्या फडाने १८६५ मध्ये उभा केलेला 'मोहना-बटाव' हा पहिला वग (तमाशातले कथानाट्य) मानला जातो. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे १८६६ मध्ये जन्मलेले श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी घरदार आणि जात मागे टाकून फडात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. १९४५ मध्ये पुण्यात हलाखीत त्यांचा शेवट झाला. त्यांचा फड राहिला नाही, पण नाव राहिले, कारण ते लावणीतच गोवलेले होते. शाहीर अखेरच्या कडव्यात आपली नाममुद्रा घालतो. त्यामुळे त्यांची लावणी जो कोणी म्हणेल त्याच्या तोंडी शेवटी बापूरावांचे नाव येतेच. फडाचे नाव आणि कवनातली नाममुद्रा या एकाच गरजेतून आलेल्या दोन वाटा आहेत. पहिलीला वारस लागतो. दुसरीला गळा असला की पुरे.

वारसाच्या वाटेचे सर्वांत ठळक उदाहरण कवलापूर (ता. मिरज) येथील खाडे घराण्याचे. सांगली-तासगाव रस्त्यावरचे हे गाव गाजरांसाठी ओळखले जाते, आणि तमाशाच्या रसिकांना ते सातू-हिरू, शिवा-संभा आणि काळू-बाळू या जोड्यांमुळे ठाऊक आहे. एका जोडीमागून दुसरी आली आणि दर वेळी फडाचे नाव जोडीचेच राहिले. काळू-बाळू म्हणजे संभा यांचे जुळे मुलगे लहू आणि अंकुश. 'जहरी प्याला' या वगात त्यांनी काळू आणि बाळू या हवालदारांची सोंगे केली. दोघे दिसायला इतके सारखे की कोण कुठला हेच प्रेक्षकाला उमगत नसे, आणि त्या गोंधळावरच हजरजबाबी बतावणी (विनोदी संवाद) रंगे. वग इतका गाजला की सोंगाची नावे माणसांना चिकटली, मग फडालाही. यात्रेत लोक 'काळू-बाळूचा तमाशा आलाय' एवढेच म्हणत. खरी नावे गावाबाहेर फारशी कुणाला माहीतच नव्हती. लहू खाडे २०११ मध्ये वारले, नंतर अंकुशही गेले. पण काळू आणि बाळू ही मूळची भूमिकांची नावे असल्यामुळे ती कलावंतांबरोबर संपली नाहीत. फडाची पाटी पुढच्या पिढीतही तीच राहिली. गेलेल्यांचा अभिनय नव्याला करता येतोच असे नाही. त्या दोघांचा सारखेपणा तर कोणाच्याच हातात नव्हता. तरी वगातली जागा, हशा येण्याची वेळ, एकाने टाकलेला शब्द दुसऱ्याने झेलण्याची लय घरातल्या पोरांच्या कानावर रोज पडत आलेली असते.

हे शिक्षण जवळजवळ सगळे तोंडी आहे. वगाच्या वह्या असतात, पण त्यात मुख्यतः कथेचा सांगाडा आणि पदे. बतावणी तर रंगमंचावरच घडते. सोंगाड्या आजारी पडला की त्याचा मुलगा त्याच रात्री उभा राहतो, कारण रोज पडद्याआडून त्याने ते ऐकलेले असते. ढोलकीवाला, हलगीवाला आणि तुणतुण्यावरचा झीलकरीही (मागून सूर धरणारा साथीदार) बहुधा नात्यातले किंवा गावातले. गणात, म्हणजे आरंभीच्या स्तवनात, गणपतीला वंदन करताना गुरूचे नाव घेण्याची चाल आहे. घराण्यातल्या गेलेल्या वडीलधाऱ्याचे स्मरणही तेथेच होते. त्यासाठी वेगळा कार्यक्रम, तसबिरीला हार वगैरे क्वचितच असते. रोजच्या खेळाच्या आरंभीच ते होऊन जाते आणि मग गवळण (कृष्ण आणि गौळणींचा प्रवेश) सुरू होते.

सातारा जिल्ह्यात या रीतीला स्त्रियांनी वेगळे वळण दिले. साताऱ्यात मेळ्यांतून पुढे आलेल्या कांताबाई सातारकर यांनी पती तुकाराम खेडकर यांच्याबरोबर फड गाजवला. १९६४ मध्ये तुकाराम गेल्यावर फड हातचा गेला. मुलांना घेऊन त्यांनी पुढे पुन्हा स्वतःचा फड उभा केला. ऐतिहासिक वगांत पुरुषांच्या भूमिकाही त्या तडफेने करीत. पुढे मुलगा रघुवीर मोठा झाला, तेव्हा 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ' असे नाव पडले. या एका पाटीत वडिलांचे आडनाव, आईचे स्वतःचे नाव आणि आईच्या गावाची खूण, तिन्ही एकत्र आहेत. कांताबाई २०२१ मध्ये वारल्या. पाटीवर त्यांचे नाव आहेच. नवऱ्याच्या नावाखाली दबून न जाता एका स्त्रीचे नाव मुलाच्या नावाशेजारी इतके ठसठशीत लिहिले जावे, असे दृश्य मराठी समाजात आजही फारसे सापडत नाही. कराड तालुक्यातील करवडी येथील मंगला बनसोडे यांच्या फडातही तेच. त्या गाजलेल्या तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर यांच्या कन्या, आणि त्यांच्या नावाला मुलगा नितीनकुमार याचे नाव जोडलेले असते. विठाबाईंच्या वडिलांचा फड भाऊ-बापू मांग नारायणगावकर या जोडनावाचा होता, म्हणजे तेथेही नावाचा प्रवास तीन-चार पिढ्यांचा आहे.

नावाला रोकड मोल आहे, हेही विसरता येत नाही. हंगाम साधारण दसऱ्यापासून वैशाखापर्यंत चालतो. चैत्रातल्या गावजत्रांसाठी यात्रा कमिटीची माणसे नारायणगाव किंवा विटा येथे येऊन सुपारी देतात आणि पहिला प्रश्न फडाच्या नावाचाच असतो. गेलेल्या सोंगाड्याचे नाव पाटीवर असेल तर रक्कम वाढते. त्यातूनच वाद होतात. भाऊ वेगळे झाले की नाव कोणी लावायचे, यावरून घरे फुटतात, आणि एकाच जुन्या नावाला धरून दोन फड निघाल्याचेही दिसते. प्रेक्षकांची आवड बदलली तसा खेळही बदलला. कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ड्रम आले, पूर्वार्धात चित्रपटगीते शिरली, रात्रभराचा वग तासा-दीड तासावर आला. पुष्कळ फडांत खेळातली जुनी गोष्ट म्हणून आता गण, ढोलकी आणि पाटीवरचे नाव एवढेच उरले आहे.

२०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीमुळे यात्रा बंद राहिल्या आणि दोन हंगाम बुडाले. सावकाराकडून उचल घेऊन कलावंतांना आगाऊ पैसे देणारे फडमालक त्यात बुडाले. ट्रक, तंबू, कनाती विकाव्या लागल्या. वस्तू पुन्हा घेता येतात, पण पंधरा-वीस वर्षांची जुळलेली माणसे शेतमजुरीला किंवा शहरात हमालीला गेली की ती परत मिळत नाहीत, आणि फड नसेल तर त्याचे नाव घ्यायला जागाच राहत नाही. राज्य शासन विठाबाईंच्या नावाने तमाशासाठी जीवनगौरव पुरस्कार देते. कांताबाईंना तो मिळाला होता. पण पुरस्कार एका कलावंताला मिळतो. बंद पडलेल्या फडाच्या वगांच्या वह्या, बतावणीची ध्वनिमुद्रणे आणि जुन्या जाहिराती जपण्याचे काम बहुतांशी त्या त्या घराण्यावरच पडले आहे. कवलापूर, करवडी, सावळज या गावांत ते आता व्हायला हवे, कारण तो खेळ प्रत्यक्ष पाहिलेली माणसे अजून तेथे आहेत.