जर्मनीतलं मिलिटरी गव्हर्नमेंट आणि जपानमधला अमेरिकन कारभार, दोन्ही एकच समजू नका

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन आर्मीने जर्मनी आणि जपानवर राज्य केलं असं आपण सरसकट बोलून टाकतो, पण दोन्हीकडचा प्रकार वेगळा होता आणि शाळांचं काय झालं ते बघितलं की हा फरक चांगला कळतो.

जर्मनीत मे १९४५ नंतर सरकार म्हणावं असं काही उरलंच नव्हतं, म्हणून चार विजेत्या देशांनी झोन वाटून घेतले आणि थेट हुकूम सुरू केले, हे खरंखुरं मिलिटरी गव्हर्नमेंट. जपानमध्ये मात्र सम्राट जागेवर, कॅबिनेट जागेवर, शिक्षण मंत्रालयसुद्धा जागेवर, तिथल्या दोस्तसैन्याचे प्रमुख, अमेरिकन जनरल मॅकआर्थर यांचं ऑफिस वरून ऑर्डर काढणार आणि राबवणार जपानी सरकार. (ओकिनावा सोडून, तिथे थेट अमेरिकन लष्करच.)

गोंधळ होतो कारण तयारी दोन्हीची सारखीच होती. १९४२ मध्ये आर्मीने अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिलला आणि नेव्हीने कोलंबिया युनिव्हर्सिटीत जिंकलेल्या मुलखाचा कारभार चालवायचे कोर्स काढले आणि प्रोफेसर, वकील मंडळींना युनिफॉर्म चढवला. रॉबर्ट किंग हॉल त्यातलाच, मूळचा शिक्षणातला माणूस, नेव्हीत लेफ्टनंट झाला आणि कॅलिफोर्नियात माँटेरेला जपानच्या शाळांचं प्लॅनिंग करणाऱ्या सेक्शनचा प्रमुख. तिथली तयारी थेट राज्य करायचंय असं धरूनच चाललेली. २ सप्टेंबर १९४५ ला शरणागतीवर सह्या झाल्या, थेट राजवटीचे जाहीरनामे तयार होते, पण जपानचे परराष्ट्रमंत्री शिगेमित्सू धावतपळत गेले आणि ते रद्द करून घेऊन आले. म्हणजे माणसं आली तीच, पण काम पार बदललेलं.

हॉलचा हट्ट होता की जपानी पाठ्यपुस्तकं रोमन लिपीत करा, टोकियोत त्याने मंत्रालयाच्या मागे लकडाही लावला, पण त्याच्याच वरिष्ठांनी त्याला आवरलं. (माझ्या मते बरंच केलं, एवढ्या मोठ्या लिपीचा निकाल एका लेफ्टनंटने लावायचा म्हणजे काय!) शेवटी १९४६ मध्ये जपान सरकारने रोजच्या वापरासाठी १,८५० कांजींची (म्हणजे चिनीतून आलेल्या चित्राक्षरांची) यादी काढली आणि जपानी लिपी टिकली.

आता गंमत बघा. जिथे थेट सत्ता होती तिथेच अमेरिकनांची डाळ शिजली नाही. दहाव्या वर्षाच्या आसपास मुलांची वाटणी करून थोड्यांना गिम्नाझियममध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीकडे नेणाऱ्या शाळेत, पाठवायचं ही जर्मन पद्धत त्यांना मोडायची होती, पण अमेरिकन झोनमधल्या बव्हेरिया राज्याचे शिक्षणमंत्री हुंडहामर असे काही अडून बसले की ती तशीच राहिली. जपानमध्ये मात्र मार्च १९४७ मध्ये कायदे झाले आणि एप्रिलपासून ६-३-३ ची शाळा (सहा वर्षं प्राथमिक, तीन कनिष्ठ माध्यमिक, तीन उच्च माध्यमिक) आणि नऊ वर्षांचं सक्तीचं शिक्षण सुरूसुद्धा झालं, कारण तिथल्या शिक्षणतज्ज्ञांच्या कमिटीलाच ते हवं होतं आणि राबवायला अख्खं मंत्रालय हाताशी होतं.