गाठ आतून गुलाबी हवी

भात, सोयाबीन निघाल्यावर हरभरा पेरताना कोल्हापूर भागात दोन मते हमखास ऐकू येतात. कडधान्य आपले खत आपणच तयार करते, त्याला काही घालू नये, हे एक. आणि उसाच्या सवयीने हरभऱ्यालाही सढळ हाताने युरिया टाकावा, हे दुसरे. दोन्ही अर्धवट आहेत.

फुलोऱ्याच्या सुमारास झाड अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-तांबूस रंग दिसला, तर ती हवेतील नत्र (नायट्रोजन) झाडासाठी पकडण्याच्या कामाला लागली आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतल्या प्रथिनाचा. हवेतील नत्राचा अमोनिया करणारे नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) प्राणवायूने निकामी होते. पण या कामात नत्राच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, किमान १६ रेणू खर्ची पडतात आणि तेवढी ऊर्जा मिळवायला गाठीतल्या रायझोबियम जिवाणूंना प्राणवायूच हवा असतो. लेगहिमोग्लोबिन प्राणवायू धरून ठेवते व जिवाणूंना मोजून-मापून पोचवते, त्यामुळे श्वसन चालते आणि विकरही वाचते. मला तरी याहून देखणी तडजोड निसर्गात क्वचितच आढळली आहे.

एटीपीच्या घडणीतच स्फुरद (फॉस्फरस) आहे, म्हणून कडधान्याला त्याची भूक मोठी. युरियाचे मात्र मातीत नायट्रेट, म्हणजे मुळाला थेट घेता येणारा नत्र, होते आणि ते आयते मिळाले की झाड गाठींना साखर पुरवण्यात हात आखडता घेते. हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद ही शिफारस याच हिशेबातली आहे; त्यातला नत्र फक्त गाठी कामाला लागेपर्यंतची शिदोरी.

पोत्यातला स्फुरद मुळाला मिळेलच असे नाही. शिरोळकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तो चुन्याशी बांधला जातो, आजरा-चंदगडच्या जांभ्या मातीत लोह व ॲल्युमिनियमशी. हेक्टरी पाच टन कुजलेले शेणखत इथे उपयोगी पडते, कारण त्यातली सेंद्रिय आम्ले स्फुरदाला अडकवणाऱ्या जागा आधीच व्यापतात. ‘केमिकल’ म्हणून डीएपी या पोत्यातल्या स्फुरदाच्या खताला नाक मुरडणाऱ्यांनी आणि बाटलीभर ‘चमत्कारी’ द्रवावर विसंबणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की शेणातला फॉस्फेट (मुळाला घेता येणारा स्फुरद) आणि पोत्यातला फॉस्फेट यांत झाडाचे मूळ भेद करत नाही.

पेरणीआधी दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम गुळाच्या थंड पाण्यातून चोळून सावलीत सुकवावे. गूळ आपल्याकडे हवा तेवढा आहे; पाकिटावर मात्र हरभऱ्याचेच नाव असल्याची खात्री करावी, कारण सोयाबीनचे रायझोबियम हरभऱ्याच्या मुळावर गाठी धरत नाही.