शाईला फुटलेल्या फांद्या

दोन काचांमध्ये छपाईच्या दाट शाईचा एक थेंब दाबून वरची काच सरळ उचलली, की शाईच्या गोल डागाचा क्षणार्धात वृक्ष होतो. कडेला केसासारख्या रेषा असतात, त्या आत येता येता एकमेकींना मिळत जाड होतात, आणि मध्यापाशी मोजकेच बुंधे उरतात. त्या काचेवर कागद ठेवून ठसा घेतला, तर तो नेच्याचा की नदीच्या खोऱ्याचा, असा प्रश्न पडावा. कुंचला मात्र कुठेच चाललेला नसतो.

काच उचलताना फट रुंदावते, शाईतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि हवा कडेने आत घुसू लागते. हवेची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, पाण्याच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याइतकी असते. छपाईची शाई तर पाण्याच्या हजारो पट दाट असू शकते. अशा वेळी शाई आणि हवा यांची सीमा कुठे केसभर जरी आत सरकली, तरी त्या टोकापुढचा शाईचा अडसर थोडा कमी होतो, ते टोक शेजाऱ्यांपेक्षा वेगाने पुढे जाते, आणि पुढे गेल्यामुळेच त्याचा अडसर आणखी घटतो. मागे पडलेली टोके तिथेच खुंटतात. हवेची बोटे अशी आत शिरतात आणि त्यांच्यामध्ये उरलेली शाई आपल्याला फांद्यांसारखी दिसते. म्हणजे या चित्रातली खरी रेखाटणारी हवा आहे, शाई नव्हे.

मग बोटे अनंत बारीक का होत नाहीत? कारण पृष्ठताण. टोकदार वळणे त्याला खपत नाहीत, तो सीमा गुळगुळीत करू पाहतो. या ओढाताणीतून बोटांची जाडी ठरते: काच झटक्यात उचलली तर नक्षी बारीक, सावकाश उचलली तर भरड. फिलिप सॅफमन आणि जी. आय. टेलर यांनी 1958 मध्ये या अस्थिरतेचे गणित मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर चित्रकला नव्हती. जमिनीखालचे खनिज तेल पाण्याने ढकलताना पाणी तेलातून बोटे काढून पुढे निसटते, ही अडचण होती. चित्रकारांच्या हाताला ही युक्ती त्याआधीच लागली होती. फ्रेंच कादंबरीकार जॉर्ज सांद 19व्या शतकात ओले रंग दाबून असे आकार काढत आणि त्यांना ‘डेंड्राइट’ म्हणत. हे नाव चपखल आहे, कारण चुनखडीच्या फटींत मँगनीजच्या ऑक्साइडची जी झाडासारखी नक्षी उमटते आणि जिला पुष्कळ जण वनस्पतीचा जीवाश्म समजतात, तिचेही नाव हेच.

साम्य दिसले की कारणही एकच असेल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण इथे सावध राहिलेले बरे. पानाच्या शिरा हवा घुसून तयार होत नाहीत. वाढणाऱ्या पानात ऑक्सिन हे संप्रेरक ज्या वाटांनी वाहते, त्या वाटांवरच्या पेशींपासूनच पुढे शिरा बनतात. ठसा आणि पान शेजारी ठेवून भिंगातून पाहिले तर फरक डोळ्यांना दिसतो. ठशातल्या रेषा एकमेकींना मिळतात, पण सहसा बंद फासे करत नाहीत, तर बहुतेक सपुष्प वनस्पतींच्या पानांत बारीक शिरांची जाळी विणलेली असते, ज्यामुळे एखादी शीर किड्याने कुरतडली तरी पाण्याला दुसरी वाट मिळते. गिंको नावाच्या झाडाच्या पानापुढे मात्र ही कसोटी जवळजवळ निकामी ठरते: त्याच्या शिरा देठापासून दोन-दोन फाटे फुटत कडेपर्यंत जातात, आणि परस्परांना क्वचितच भेटतात.