रसायनाची पदवी आणि वकिलीची सनद : बडोद्यातील पेटंट वकिलीची पार्श्वभूमी

इतर वकिलांना सहसा कोणी विचारत नाही, पण पेटंटचे काम करणाऱ्या वकिलाला बडोद्यात हमखास विचारले जाते, की कायद्याच्या आधी तुम्ही काय शिकलात. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे मूळ या शहराच्या इतिहासात आहे. महाराज सयाजीराव तिसरे यांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था स्थापन केली; तिची धुरा रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे होती. गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी १९०७ मध्ये अलेम्बिक ही रसायन-औषध कंपनी उभी केली. पुढे कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र विद्याशाखेत सामावले. १९६५ मध्ये बडोद्याजवळच्या कोयलीची तेल रिफायनरी सुरू झाल्यावर रसायनाची पदवी घेतलेल्यांना गावातच काम मिळू लागले.

या पदवीधरांतले काही जण कायद्याकडे का वळले, हे समजण्यासाठी १९७० चा पेटंट कायदा पाहावा लागतो. न्यायमूर्ती अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर आधारलेला हा कायदा २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याने औषध आणि अन्न या पदार्थांना पेटंट नाकारले आणि ते बनवण्याच्या पद्धतीलाच, तेही जास्तीत जास्त सात वर्षांसाठी, संरक्षण दिले. तोच रेणू वेगळ्या वाटेने तयार केला तर ते पेटंटचे उल्लंघन ठरत नसे, त्यामुळे वाद उभा राहिला तर सगळा भर दोन प्रक्रियांतला फरक दाखवण्यावर येई. अभिक्रिया कोणती, द्रावक कोणते, तापमान किती, हे ज्याला वाचता येत नव्हते त्याला दाव्यांचा, म्हणजे पेटंटने नेमके कशावर हक्क मागितला आहे त्या कलमांचा, मसुदा करणेही अवघड होते. माझ्या मते या व्यवसायाची खरी जडणघडण याच काळात झाली.

१ जानेवारी २००५ पासून औषधालाही वीस वर्षांचे पेटंट मिळू लागले. मात्र पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) मुळे, आणि विशेषतः सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या खटल्यातील २०१३ च्या निकालामुळे, जुन्या रेणूचे नवे रूप खरोखर अधिक गुणकारी आहे का, ही तपासणी केंद्रस्थानी आली.

पात्रतेचा प्रश्नही याच वर्षांत पेटला. मूळ कायद्यानुसार वकिलाला परीक्षेविना पेटंट एजंट, म्हणजे पेटंट कार्यालयापुढे अर्जदाराचे काम पाहणारा नोंदणीकृत प्रतिनिधी, होता येत असे. २००२ च्या दुरुस्तीने त्याच्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रज्ञानाची पदवी सक्तीची केली, आणि २००५ च्या दुरुस्तीने ती परीक्षेची सूटही काढून घेतली. मद्रास उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही शेवटची दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

बडोद्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातात. तिथे नोंदणीकृत एजंट अर्जदाराची बाजू मांडू शकतो, पण २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ रद्द झाल्यापासून अपिले उच्च न्यायालयापुढे जातात, आणि तिथे उभे राहायला सनदच लागते.