जन्मजात गुन्हेगार: एक कायदा आणि चार सिद्धांत

फ्रान्सच्या न्याय मंत्रालयाने १८२७ पासून देशभरातील फौजदारी खटल्यांचे वार्षिक तक्ते छापायला सुरुवात केली. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ ॲडॉल्फ केटले यांनी त्यांतील काही वर्षांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा गंभीर गुन्ह्यांतील आरोपींची संख्या दरवर्षी सात हजारांच्या आसपासच राहते, असे त्यांना आढळले. आरोपी दरवर्षी वेगळे होते, त्यांची कारणे वेगळी होती, आदल्या वर्षीचा आकडा गाठण्याचा त्यांच्यापैकी कोणाचाही इरादा नव्हता. तरीही बेरीज जवळपास तीच येत होती. एखाद्याने चोरी का केली, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या आयुष्यात शोधता येते. परंतु एखाद्या देशात, शहरात किंवा वस्तीत चोरीचे प्रमाण वर्षानुवर्षे एका पातळीवर का टिकते, या प्रश्नाचे उत्तर कोणा एकाच्या आयुष्यात सापडणार नाही. गुन्ह्याच्या समाजशास्त्राचा खरा विषय हा दुसरा प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे पाठ फिरवणारे उत्तरही एकोणिसाव्या शतकातच लोकप्रिय झाले. इटालियन वैद्य चेझारे लोंब्रोसो यांनी १८७६ मध्ये असे मांडले की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात आणि त्यांचे जबडे, कपाळ, कान यांवरून ती ओळखता येतात. हे मत पुढे मोजमापांच्या कसोटीवर टिकले नाही. मात्र आपल्याकडच्या ब्रिटिश राज्यकर्त्यांनी लोंब्रोसोंच्या पाच वर्षे आधीच, एकाही कवटीचे माप न घेता, त्याहून मोठी झेप घेतली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगारी व्यक्तीला नव्हे तर संपूर्ण जमातीला चिकटवली. ज्या देशात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, त्या देशात चोराचा मुलगा चोरच होणार, असा हा तर्क होता. तो जातिव्यवस्थेच्या निरीक्षणातून आल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात एका अर्धवट निरीक्षणाला दिलेले ते कायद्याचे रूप होते.

हा कायदा आधी उत्तर भारतात, १८७६ मध्ये बंगालमध्ये आणि १९११ च्या सुधारित रूपात देशभर लागू होऊ शकला. सरकारने एखाद्या जमातीविषयी अधिसूचना काढली की ती योग्य की अयोग्य, हे विचारण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नव्हता. जमातीतील माणसांची नावे नोंदवहीत चढत, त्यांना ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे, पास घेतल्याशिवाय नेमून दिलेली हद्द सोडता येत नसे आणि त्यांच्या हालचालींची खबर देण्याची जबाबदारी गावच्या पाटलावर व चौकीदारावर असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून या समाजांना विमुक्त म्हटले जाते आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. गुन्ह्याविषयीचे समाजशास्त्रीय सिद्धांत बहुतेक युरोपात आणि अमेरिकेत घडले. या एका भारतीय प्रकरणावर ते घासून पाहिले, तर त्यांचे बळ कळते आणि त्यांची मर्यादाही.

पहिला सिद्धांत ताणाचा आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखेम यांनी १८९३ पासून पुढच्या लेखनात दाखवले की समाजात वेगाने उलथापालथ झाली की जुने नियम माणसाला आवरेनासे होतात आणि नवे नियम अजून रुजलेले नसतात. या अवस्थेला त्यांनी ॲनॉमी म्हटले. रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये ही कल्पना अमेरिकेला लावली. तिथली संस्कृती प्रत्येकाला श्रीमंतीचे स्वप्न दाखवते, पण तिथे पोहोचण्याचे सरळ मार्ग सर्वांना सारखे खुले नसतात. या दरीत अडकलेल्यांपैकी काही जण स्वप्न तेच ठेवून मार्ग बदलतात. मर्टन यांची मांडणी मला आपल्या प्रकरणात तशीच्या तशी लागू होईल असे वाटत नाही, कारण जातिबद्ध समाजाने लमाणाला किंवा पारध्याला सावकाराइतके श्रीमंत होण्याचे स्वप्न कधी दाखवलेच नव्हते. येथे दुरखेमच अधिक उपयोगी पडतात. बंजारे बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ देशभर वाहून नेत. अठराव्या शतकातील फौजांची रसदही त्यांच्यावर अवलंबून असे. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे धावलेली रेल्वे १८६० पर्यंत सोलापूरला पोहोचली, मिठावरच्या सरकारी नियंत्रणाने फिरत्या मीठविक्रीचा कणा मोडला आणि १८७८ च्या वन कायद्याने शिकारीवर व वनोपजावर जगणाऱ्यांना जंगलात परके करून टाकले. एका पिढीच्या आत उपजीविका गेली. त्यानंतर काहींनी चोऱ्या केल्या, यात अनाकलनीय काही नाही. पण हीच उलथापालथ विणकरांनी, शेतमजुरांनी आणि बलुतेदारांनीही सोसली आणि त्यांच्यावर अशी अधिसूचना निघाली नाही. ताणाचा सिद्धांत या फरकाचे उत्तर देत नाही.

दुसरा सिद्धांत जागेचा आहे, आणि त्याच्यामागचा पुरावा गुन्हेशास्त्रातील सर्वात देखण्या पुराव्यांपैकी एक आहे. १८४० मध्ये जेमतेम साडेचार हजार वस्ती असलेले शिकागो १८९० मध्ये दहा लाखांच्या पुढे गेले होते. अमेरिकेतील पहिले बालन्यायालय याच शहरात १८९९ मध्ये सुरू झाले. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी त्या न्यायालयाच्या दप्तरातून मुलांचे पत्ते काढून शहराच्या नकाशावर ठिपके मांडले: एक नकाशा १९०० ते १९०६ या काळाचा, दुसरा १९१७ ते १९२३ चा, तिसरा १९२७ ते १९३३ चा. तिन्ही नकाशांत ठिपक्यांची दाटी शहराच्या मध्याजवळच्या, कारखान्यांना लागून असलेल्या पडक्या भाड्याच्या वस्त्यांत होती आणि शहराबाहेर जावे तशी ती विरळ होत जात होती. खरी गंमत पुढे आहे. या तीन दशकांत त्या वस्त्यांतील माणसे पार बदलली होती. सुरुवातीला तिथे जर्मन, आयरिश आणि स्वीडिश कुटुंबे होती, मग पोलिश आणि इटालियन आली, नंतर दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय आले. ज्या काळात जो समूह तिथे राहिला, त्या काळात त्याच्या मुलांचे नाव न्यायालयाच्या दप्तरात चढले. तोच समूह बाहेरच्या बऱ्या भागात सरकला की त्याच्या मुलांचे प्रमाण उतरले. गुन्हेगारी रक्तात असती, तर ती माणसांबरोबर स्थलांतरित झाली असती. ती वस्तीतच राहिली.

या वस्तीत नेमके काय असते, याचे उत्तर त्यांनी सामाजिक विघटन असे दिले होते. म्हणजे सतत येणारी-जाणारी माणसे, एकमेकांची ओळख नसलेले शेजारी आणि मुलांकडे लक्ष ठेवू न शकणाऱ्या दुबळ्या संस्था. हे उत्तर अनेक वर्षे थोडे धूसर राहिले. रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोच्याच ३४३ वस्त्यांतील ८,७८२ रहिवाशांना प्रश्न विचारून १९९७ मध्ये ते अधिक नेमके केले. कोपऱ्यावर टोळक्याने उभी राहणारी शाळा बुडवणारी मुले दिसली तर तुमचे शेजारी काही बोलतील का, शेजाऱ्यांवर तुमचा विश्वास आहे का, अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून त्या त्या वस्तीतील हिंसेचा पुष्कळसा अंदाज बांधता आला, गरिबीचा परिणाम हिशेबात धरल्यानंतरसुद्धा. येथे एक पथ्य पाळावे लागते: वस्तीचे प्रमाण म्हणजे वस्तीतील प्रत्येकाचे वर्णन नव्हे. शिकागोच्या सर्वाधिक ठिपक्यांच्या भागातही बहुसंख्य मुले न्यायालयाची पायरी चढली नव्हती. हे पथ्य आपल्या वसाहतकालीन अधिकाऱ्यांनी कधीच पाळले नाही.

शिकागोचा धडा विमुक्तांच्या प्रकरणात उलट्या दिशेने वाचावा लागतो. सरकारने या समाजांसाठी मुद्दाम वस्त्या निर्माण केल्या. मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी अशा ठिकाणी तारेच्या कुंपणाआड ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांना लोक आजही सेटलमेंट म्हणतात, आणि सोलापुरात सेटलमेंट फ्री कॉलनी हे पत्त्यातले नाव आहे. तिथल्या माणसांकडून गिरण्यांना हुकमी मजूर मिळाले. शॉ आणि मॅके यांच्या वस्त्यांतून माणूस पैसा जोडून बाहेर पडू शकत होता. सेटलमेंटमधून बाहेर पडण्यासाठी पास लागत होता.

तिसरा सिद्धांत संगतीचा. एडविन सदरलँड यांचे म्हणणे असे की गुन्हा शिकावा लागतो: त्याचे तंत्र, त्याची निमित्ते आणि तो करण्यात गैर नाही हे पटवणारी कारणे माणूस जवळच्या माणसांकडून शिकतो. वरवर पाहता हे ब्रिटिशांच्या ‘चोराचा मुलगा चोर’ या तर्कासारखेच वाटेल. फरक असा की सदरलँड यांच्या मते शिकणारा कोणीही असू शकतो, अगदी कंपनीच्या संचालक मंडळात बसणारासुद्धा. १९३९ मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञांसमोर अध्यक्षीय भाषण करताना त्यांनी पांढरपेशा गुन्ह्याची, म्हणजे प्रतिष्ठित माणसांनी आपल्या व्यवसायाच्या ओघात केलेल्या गुन्ह्याची कल्पना मांडली आणि १९४९ मध्ये अमेरिकेतील ७० बड्या कंपन्यांविरुद्ध न्यायालये व आयोग यांनी दिलेले ९८० निर्णय मोजून दाखवले. बदनामीच्या दाव्याच्या भीतीने प्रकाशकाने त्या कंपन्यांची नावे गाळली. ती असलेली मूळ आवृत्ती १९८३ मध्ये निघाली, तोवर सदरलँड यांना जाऊन ३३ वर्षे झाली होती. ९८० निर्णयांनंतरही कोणी या कंपन्यांच्या संचालकांच्या मुलांना जन्मजात लबाड ठरवले नाही किंवा त्यांची हजेरी घेतली नाही. ज्यांच्यावर एकही खटला चालला नव्हता अशा हजारो भटक्या माणसांची मात्र रोज हजेरी घेतली जात होती.

हा फरक समजावून सांगायला चौथा सिद्धांत लागतो. एडविन लेमर्ट यांनी १९५१ मध्ये आणि हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये प्रश्नाचे तोंडच फिरवले. गुन्हा ही कृतीच्या अंगी असलेली गोष्ट नसून समाजाने त्या कृतीवर आणि कर्त्यावर मारलेला शिक्का आहे, असे बेकर म्हणाले; आणि एकदा शिक्का बसला की माणसाचे पुढचे आयुष्य त्या शिक्क्याभोवती घडते, हे लेमर्ट यांनी दाखवले. गुन्हेगार जमाती कायद्यात ही यंत्रणा इतकी उघडी आहे की सिद्धांत समजावून घेण्यासाठी वेगळे उदाहरण लागत नाही. पास न घेता शेजारच्या गावच्या बाजाराला जाणे हा इतर कोणासाठी गुन्हा नव्हता. नोंदवहीत नाव असलेल्यासाठी होता, आणि त्याबद्दल सक्तमजुरी होऊ शकत होती. हजेरी चुकली की शिक्षा, शिक्षा झाली की दप्तरात नोंद, आणि नोंदी वाढल्या की ही जमात गुन्हेगारच आहे याचा आणखी एक पुरावा तयार. ज्या माणसाच्या घरी रात्री-बेरात्री पोलीस येतात त्याला गाव काम देत नाही, आणि ज्याला काम मिळत नाही त्याच्यापुढे काय उरते, हे सांगायला समाजशास्त्रज्ञाची गरज नाही.

तरीही शिक्क्याच्या सिद्धांतावर सगळा भार टाकणे मला योग्य वाटत नाही. शिक्का बसण्याआधीची पहिली चोरी तो सिद्धांत समजावत नाही. ती समजण्यासाठी पुन्हा रेल्वे, मीठ आणि जंगल यांच्याकडेच जावे लागते. शिवाय ज्या शेतकऱ्याचे उभे पीक रात्रीतून कापून नेले गेले, त्याचे नुकसान कोणाच्या शिक्क्यातून निर्माण झालेले नव्हते. शिक्क्याने समाजातला गुन्हा शून्यातून घडवला नाही. काही माणसांनी काही काळ केलेल्या कृत्यांचे त्याने सर्व माणसांच्या सर्व काळच्या ओळखीत रूपांतर केले.

१९५२ नंतर जमातीचे नाव कायद्यातून गेले, पण पद्धत राहिली. राज्यांनी सराईत गुन्हेगारांसाठी कायदे केले, त्यांत मुंबई राज्याचा १९५९ चा कायदाही होता. त्याच वर्षीच्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक ठिकाणी गाणे, नाच, भविष्यकथन किंवा कसरत यांच्या आधाराने पैसे मागण्यालाही भिक्षेच्या व्याख्येत घेतले. डोंबारी, नंदीवाले, गोंधळी यांच्या परंपरागत उपजीविकेचे हे जवळजवळ संपूर्ण वर्णन आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातील अनेक कलमे दिल्लीपुरती रद्द केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांतील जातिभेदाविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले आणि कारागृह नियमावल्यांतील ‘सराईत’ या वर्गाचा अर्थ विमुक्त जमाती असा लावण्याची प्रथा बंद करण्यास सांगितले.

या निर्देशाचा परिणाम मोजायचा, तर विमुक्तांच्या अटका किती, त्यांपैकी दोषसिद्धी किती आणि इतरांशी तुलना करता ते प्रमाण कसे आहे, हे आकडे हाताशी हवेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या कारागृहविषयक वार्षिक अहवालात कैद्यांची वर्गवारी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि इतर अशी असते. विमुक्त समाज एका राज्यात यांपैकी एका रकान्यात, तर दुसऱ्या राज्यात दुसऱ्या रकान्यात मोडतात. ज्या समाजांच्या एकेका माणसाची नोंद सरकारने ऐंशी वर्षे ठेवली, त्यांच्यासाठी त्या तक्त्यात स्वतंत्र रकाना नाही.