इख्लास : निखालस श्रद्धा आणि धर्मशिक्षण

इख्लास ही इस्लाममधील एक मूलभूत संकल्पना असून श्रद्धा, उपासना आणि सत्कर्म यांत अल्लाहच्या प्रसन्नतेखेरीज दुसरा कोणताही हेतू मिसळू न देणे, असा तिचा अर्थ आहे. अरबीतील ख-ल-स या धातूपासून हा शब्द बनला आहे आणि भेसळ निघून जाऊन वस्तू शुद्ध उरणे हा त्या धातूचा मूळ अर्थ होय. मराठी वाचकाला हा धातू परका नाही. ‘निखालस’, ‘खुलासा’, ‘खलास’ आणि जुन्या दप्तरांतील ‘खालसा’ हे सगळे शब्द फारसीच्या वाटेने त्याच कुळातून मराठीत आले आहेत. त्यांतही ‘खालसा’ हा शब्द इख्लास समजून घ्यायला फार उपयोगी पडतो. ज्या मुलखात जहागीरदाराचा किंवा इनामदाराचा हक्क नाही, जो थेट सरकारचा आहे, तो खालसा मुलूख. इख्लासमध्ये माणसाच्या अंतःकरणाविषयी हेच अपेक्षित असते, की त्यात अल्लाहखेरीज दुसरा वाटेकरी नसावा. इस्लाममध्ये सर्वांत मोठे पाप मानला गेलेला ‘शिर्क’ या शब्दाचा मूळ अर्थही भागीदारी असाच आहे, त्यामुळे हे दोन शब्द एकमेकांसमोर ठेवूनच वाचावे लागतात.

कुरआनात या धातूचा एक अत्यंत बोलका वापर सोळाव्या सूरहमध्ये, म्हणजे अध्यायात, (आयत, म्हणजे वचन, 66) आढळतो. गुराढोरांच्या पोटात शेण आणि रक्त यांच्या मधून पिणाऱ्यांसाठी ‘खालिस’ दूध निघते, असे तेथे म्हटले आहे. भाष्यकारांनी या उपमेवरून असे दाखवले आहे, की दुधात दोहोंपैकी एकाचाही अंश उतरला तर ते खालिस राहत नाही आणि कर्माचेही तसेच असते. इख्लास ही मनात उसळणारी भावना नसून गाळून घेण्याची क्रिया आहे, हे या उपमेतून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्येतून होत नाही. अठ्ठ्याण्णवाव्या सूरहमध्ये तर माणसांना एवढीच आज्ञा होती की त्यांनी ‘दीन (धर्म) अल्लाहसाठी निखालस करून’ त्याची उपासना करावी, नमाज कायम राखावी आणि जकात द्यावी, असे सांगितले आहे. याच्या उलट टोकाला दिखाव्याची, म्हणजे ‘रिया’ची उदाहरणे येतात. लोकांना दाखवण्यासाठी खर्च करणाऱ्याचे दान हे गुळगुळीत खडकावर साचलेल्या मातीसारखे असते, जोराचा पाऊस आला की माती वाहून जाते आणि खाली नुसता कातळ उरतो (सूरह 2, आयत 264). कोकणात राहणाऱ्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही.

हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती आणि कृतींचे वृत्तांत, यांच्या वाङ्मयात या संकल्पनेचे केंद्र ‘नियत’, म्हणजे कर्मामागचा हेतू, हा शब्द आहे. इमाम बुखारी (810–870) यांच्या संग्रहाची सुरुवातच पैगंबरांचे सोबती हजरत उमर यांनी कथन केलेल्या हदीसने होते. ‘कर्मे नियतीवरच अवलंबून असतात’ हे तिचे पहिले वाक्य असून मक्केहून मदिनेकडे झालेल्या स्थलांतराचे उदाहरण तिच्यात पुढे दिले आहे. ज्याने अल्लाह आणि त्याच्या पैगंबरासाठी घर सोडले त्याचे स्थलांतर त्यांच्यासाठी, आणि ज्याने एखाद्या ऐहिक लाभासाठी किंवा एखाद्या स्त्रीशी विवाह करण्यासाठी सोडले त्याचे स्थलांतर त्या गोष्टीपुरतेच. रस्ता, ऊन आणि पायांचे कष्ट दोघांना सारखेच असतात, फरक फक्त बाहेरून न दिसणाऱ्या गोष्टीत असतो. दुसऱ्या एका प्रसिद्ध हदीसमध्ये देवदूत जिब्रईल मनुष्यरूपात येऊन इस्लाम, ईमान (श्रद्धा) आणि एहसान (उत्कृष्ट उपासना) यांविषयी क्रमाने प्रश्न विचारतात. एहसानचे उत्तर असे आहे, की अल्लाहची उपासना जणू तू त्याला पाहत आहेस अशी कर, आणि तू त्याला पाहत नसलास तरी तो तुला पाहतोच आहे.

नियतीला मनाच्या पातळीवर मोठे स्थान आहे याविषयी सर्व विधिपंथांचे एकमत आहे, परंतु कोणत्या कर्माच्या वैधतेसाठी ती अनिवार्य आहे याविषयी मतभेद आहेत आणि हे मतभेद ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत रोजच्या व्यवहारात भेटतात. मुंब्रा-कौसा, भिवंडी, पनवेल आणि तळोजे येथील जुनी कोकणी मुसलमान घराणी शाफिई पंथाची आहेत. 1857 नंतर उत्तर भारतातून भिवंडीत आलेले विणकर, तसेच 1992–93 च्या मुंबईतील दंगलींनंतर मुंब्र्यात वस्तीला आलेल्या कुटुंबांपैकी बहुतेक हनफी पंथाची आहेत. एकाच मशिदीच्या हौदाकाठी दोन्ही पंथांची माणसे शेजारी बसून वुजू, म्हणजे नमाजपूर्वीचे हातपाय-तोंड धुणे, करतात. चेहऱ्यावर पहिले पाणी घेताना शाफिई माणसाच्या मनात वुजूची नियत असलीच पाहिजे, नाहीतर त्याचा वुजू होत नाही. हनफी मताने वुजूसाठी नियत सुन्नत (इष्ट) आहे, फर्ज (अनिवार्य) नाही. आषाढाच्या पावसात मुंब्रा स्थानकावरून मशिदीपर्यंत येताना एखादा इतका भिजला, की त्याचे वुजूचे सगळे अवयव धुऊन निघाले, तर हनफी मताप्रमाणे त्याने त्या पाण्यावर नमाज पढली तरी चालते. नियत नसल्याने वुजूचे पुण्य मात्र त्याला मिळत नाही. शाफिई माणसाला पुन्हा हौदाकडे वळावे लागते. रमजानच्या रोज्यांबाबतही शाफिई पंथात प्रत्येक दिवसाची नियत आदल्या रात्रीच व्हावी लागते, तर हनफी पंथात मध्यान्हीपूर्वीपर्यंत सवलत आहे. हा भेद क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे, पण शरीराने केलेली गोष्ट मनाशिवाय पुरी होते का, या प्रश्नाचा दोन्ही पंथांनी किती बारकाईने विचार केला हे त्यातून कळते.

ईमान, म्हणजे श्रद्धा, ही अंतःकरणाची गोष्ट असल्याचे कुरआन वारंवार सांगतो. वाळवंटातील काही टोळीवाले ‘आम्ही ईमान आणले’ असे म्हणाले तेव्हा, ‘तुम्ही ईमान आणले नाही, आम्ही शरण आलो एवढेच म्हणा, ईमान अजून तुमच्या हृदयांत शिरलेले नाही’ असे उत्तर त्यांना देण्याची आज्ञा आली (49:14). येथूनच एक नाजूक प्रश्न उभा राहतो. श्रद्धा हृदयात असेल तर दुसऱ्याची श्रद्धा खरी की खोटी हे कोणी ठरवायचे? या संदर्भात पैगंबरांचे सोबती उसामा इब्न झैद यांचा प्रसंग निर्णायक मानला जातो. युद्धात समोरच्या माणसाने कलमा, म्हणजे इस्लामवरील श्रद्धेची घोषणा, उच्चारल्यानंतरही त्यांनी त्याला ठार केले आणि तो केवळ शस्त्राच्या भीतीने बोलला असे कारण दिले. तेव्हा पैगंबरांनी त्यांना विचारले, ‘तू त्याचे हृदय चिरून पाहिलेस काय?’ दुसऱ्याच्या बाह्य आचारावरच निर्णय द्यावा आणि त्याचे अंतःकरण अल्लाहकडे सोपवावे, हा नियम इस्लामी विधिशास्त्रात रूढ आहे. इख्लासची कसोटी ही प्रत्येकाने स्वतःला लावायची कसोटी आहे. तिचे शस्त्र करून शेजाऱ्यावर चालवणे हा या संकल्पनेचा विपर्यास होय, आणि तो अनेकदा होतो म्हणून येथे स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक वाटते.

इख्लासचा सर्वांत कठोर विचार धर्मशिक्षणाच्या संदर्भात झाला आहे. ‘तुमच्यात उत्तम तो, जो कुरआन शिकतो आणि शिकवतो’ ही हदीस प्रत्येक मदरशात सांगितली जाते. तिच्याबरोबरच अबू हुरैरा यांनी कथन केलेली दुसरी हदीसही सांगितली गेली पाहिजे. निवाड्याच्या दिवशी सर्वांत आधी तिघांचा हिशेब होईल, असे तिच्यात म्हटले आहे. पहिला रणांगणावर मेलेला, दुसरा विद्या शिकून इतरांना शिकवणारा आणि कुरआनचे पठण करणारा, तिसरा मुक्तहस्ते दान करणारा. तिघेही आपापले कार्य अल्लाहसाठी केल्याचे सांगतील आणि तिघांनाही उत्तर मिळेल, की लोकांनी तुला शूर, आलिम (विद्वान) किंवा दाता म्हणावे म्हणून तू ते केलेस, आणि तसे म्हटले गेले आहे. चोर, खुनी किंवा मद्यपी यांच्याआधी धर्मशिक्षकाला उभे करणारी ही हदीस मुस्लिम परंपरेतील विद्वानांना शतकानुशतके अस्वस्थ करत आली आहे.

त्या अस्वस्थतेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इमाम गझाली (1058–1111) यांचे आहे. 1091 मध्ये ते बगदादच्या निझामिया मदरशात मुख्य अध्यापक झाले आणि तेव्हाच्या इस्लामी जगात याहून मोठे अध्यापनपद क्वचितच असेल. आत्मवृत्तात त्यांनी लिहिले आहे, की आपल्या अध्यापनामागील नियत तपासली तेव्हा ती निखालस अल्लाहसाठी नसून कीर्ती आणि मानमरातब यांच्या ओढीने चालवलेली असल्याचे त्यांना दिसले. 1095 मध्ये सुमारे सहा महिने त्यांची घालमेल चालली. एके दिवशी विद्यार्थ्यांसमोर बसले असता त्यांच्या तोंडून शब्द फुटेना आणि पुढे घासही गिळवेना. हजचे निमित्त सांगून त्यांनी बगदाद सोडले. 1106 मध्ये ते पुन्हा निशापूर येथे शिकवू लागले, तेव्हा त्यांनी म्हटले, की पूर्वी मी ज्या विद्येने प्रतिष्ठा मिळते ती शिकवत होतो, आता ज्या विद्येने प्रतिष्ठा सोडता येते ती शिकवतो. उपदेशकासाठी त्यांनी सांगितलेली खूण आजही तितकीच अचूक आहे. आपल्यापेक्षा चांगला उपदेशक गावात आला आणि लोक त्याच्याकडे वळले, तर आनंद होतो की जळफळाट, हे ज्याने त्याने पाहावे.

मात्र दिखाव्याच्या भीतीने सत्कर्मच सोडून देणे हाही उपाय नाही. आठव्या शतकातील सूफी फुदैल इब्न इयाद यांच्या मते लोकांसाठी कर्म करणे जसे सदोष, तसेच लोकांसाठी ते टाळणेही सदोषच आहे, कारण दोन्हींत नजर लोकांवरच असते.

धर्मशिक्षणाचा मोबदला घ्यावा काय, हा प्रश्न याच विचारातून निर्माण झाला. पैगंबरांचे सोबती उबादा इब्न सामित यांनी मदिनेतील मशिदीच्या ओट्यावर, म्हणजे सुफ्फावर, राहणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांना लिहिणे आणि कुरआन शिकवले. त्यांपैकी एकाने त्यांना धनुष्य भेट दिले. पैगंबरांनी ते स्वीकारण्याविरुद्ध कडक इशारा दिला. उलट बुखारींच्या संग्रहात, मोबदला घेण्यास सर्वाधिक योग्य गोष्ट अल्लाहचा ग्रंथ आहे, असेही वचन आहे. सुरुवातीच्या हनफी पंडितांनी कुरआन शिकवण्याचे वेतन निषिद्ध मानले, तर शाफिई पंथाने ते वैध मानले. पुढे शासकीय खजिन्यातून शिक्षकांना मिळणारे तनखे थांबले आणि वेतनाशिवाय शिकवणारे उरणार नाहीत अशी स्थिती आली, तेव्हा हनफी पंडितांनीही गरज म्हणून परवानगी दिली. त्यामुळे आज राबोडी असो वा वाशी, जमातीच्या वर्गणीतून इमामाला किंवा मकतबमधल्या मौलानांना पगार देणे इख्लासविरोधी मानले जात नाही. उपजीविकेसाठी घेतलेला पगार आणि पगारासाठी केलेली इबादत यांत फरक आहे. शिक्षकाच्या निखालसपणाचा हवाला देऊन त्याला तुटपुंज्या पगारावर राबवणाऱ्यांनी तर स्वतःच्याच नियतीची तपासणी करावी.

मकतब म्हणजे मशिदीला जोडून चालणारी मुलांची प्राथमिक धर्मशिक्षणाची शाळा. फज्रच्या (पहाटेच्या) नमाजनंतर किंवा शाळा सुटल्यावर तासाभराचे वर्ग भरतात. रिहलीवर, म्हणजे ग्रंथ ठेवायच्या लाकडी घोडीवर, ‘कायदा’ उघडून मुले ओळीने बसतात. अरबी मुळाक्षरांच्या पहिल्या पुस्तकाला येथे कायदा म्हणतात. जेर, जबर, पेश ही स्वरचिन्हे घोकत मुले कुरआनच्या शेवटच्या पाऱ्यातील (भागातील) छोट्या सूरहकडे येतात. एकशे बारावी सूरह, म्हणजे सूरह इख्लास, अवघ्या चार आयतींची असल्याने ती फातिहा या पहिल्या सूरहनंतर फार लवकर पाठ होते. तिचा पहिला शब्द ‘क़ुल’, म्हणजे ‘सांग’. घशाच्या मागच्या बाजूने येणारा हा ध्वनी मराठी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी साधा ‘क’ होऊन उतरतो, आणि अरबीत साध्या ‘क’चा ‘कुल’ म्हणजे ‘खा’. मौलाना बोट वर करून थांबवतात, स्वतः उच्चारून दाखवतात आणि तो एक शब्द दहादा म्हणवून घेतात.

उच्चाराची ही निगा आदरास पात्र आहे, परंतु अर्थाकडे तेवढे लक्ष दिले जात नाही हे मान्य करावे लागेल. कोकणी घरात बोलली जाणारी भाषा मराठीची बोली, मकतबमधील स्पष्टीकरण उर्दूत, शाळा मराठी किंवा इंग्रजी माध्यमाची आणि पाठांतर अरबीचे, अशा चार भाषांमधून मूल जात असते. ठाण्याच्या खाडीपासून फार दूर नसलेल्या माहीम येथे मखदूम अली माहिमी (1372–1431) या शाफिई पंडिताने अरबीत कुरआनचे भाष्य लिहिले आणि त्यात आयतींचा परस्परसंबंध उलगडण्यावर भर दिला. अर्थ लावण्याची परंपरा या किनाऱ्याला नवी नाही.

शिकवण्याच्या रीतीविषयीही परंपरेत स्पष्ट मार्गदर्शन आहे. ‘सोपे करा, अवघड करू नका’ असे पैगंबरांचे वचन आहे. मशिदीत लघवी करणाऱ्या एका बदूवर, म्हणजे वाळवंटातील टोळीवाल्यावर, लोक धावून गेले, तेव्हा त्यांनी लोकांना अडवले, त्याचे होऊ दिले आणि नंतर त्या जागी बादलीभर पाणी ओतायला सांगितले. धर्मात सक्ती नाही, हे कुरआनचे वचन (2:256) इख्लासशी थेट जोडलेले आहे, कारण सक्तीने नमाजच्या ओळी भरता येतात, नियत निर्माण करता येत नाही. ‘दीन म्हणजे नसीहा’ या हदीसमधील नसीहा या शब्दाचे भाषांतर बहुधा उपदेश असे केले जाते, पण मेण काढून मध शुद्ध करण्यासाठीही अरबीत याच धातूचे क्रियापद वापरतात. त्यामुळे निखालस हितचिंतन हा अर्थ अधिक योग्य आहे.

सूरह इख्लासच्या चार आयतींत ‘इख्लास’ हा शब्द एकदाही येत नाही. अल्लाह एक आहे, तो निरपेक्ष आहे, त्याने कोणाला जन्म दिला नाही व त्यालाही कोणी जन्म दिला नाही, आणि त्याच्या तोडीचे कोणी नाही, एवढेच तिच्यात आहे. पैगंबरांनी मोहिमेवर धाडलेल्या एका तुकडीचा प्रमुख प्रत्येक नमाजमध्ये पठणाचा शेवट याच सूरहने करत असे. सोबत्यांनी परतल्यावर ही गोष्ट पैगंबरांच्या कानी घातली. त्याने असे का केले हे त्यालाच विचारा, असे पैगंबर म्हणाले. हे त्या रहमानचे (परम दयाळू अल्लाहचे) वर्णन आहे, म्हणून मला ते म्हणायला आवडते, असे त्याने सांगितले. त्यावर पैगंबरांनी निरोप धाडला, ‘त्याला सांगा, अल्लाहही त्याच्यावर प्रेम करतो.’